लँडलाईन इंटरनेटवर जाते म्हणजे एक्स्चेंजमध्ये नेमकं काय होतं?

एमडीएफवाला

सोसायटीत, नातेवाइकांत, जुन्या ग्राहकांत हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो. नंबर तोच आहे, फोनही तोच आहे, मग त्याची वायर भिंतीवरच्या रोझेटऐवजी वायफायच्या डब्याला का लावली? आणि वीज गेली की फोन का मरतो, पूर्वी तर मरत नव्हता? माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजांत गेली, आधी दूरसंचार खात्यात आणि २००० साली बीएसएनएल हे महामंडळ झाल्यावर तिथेच. हा बदल मी आतून पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जुनी व्यवस्था. तुमच्या घरातून निघालेली तारांची जोडी खांबावरच्या डीपीत (तारा जोडायच्या डबीत) येते, तिथून रस्त्याकडेच्या पिलरमध्ये (जोडण्यांच्या कपाटात), आणि तिथून जमिनीखालच्या जाड केबलमधून एक्स्चेंजच्या एमडीएफवर. एमडीएफ म्हणजे खोलीभर पसरलेली लोखंडी चौकट. तिच्या एका बाजूला बाहेरून आलेल्या केबली, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजची यंत्रं आणि मधे हजारो जंपर, म्हणजे दोन्ही बाजू जोडणाऱ्या छोट्या तारा. कुठली जोडी कुठल्या नंबरला लागणार हे त्या जंपरवर ठरतं.

यंत्राच्या बाजूला प्रत्येक ग्राहकासाठी लाईन कार्डावर स्वतंत्र जागा असते. ते कार्ड तुमच्या फोनला ४८ व्होल्टची वीज पुरवतं, घंटा वाजवायला ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी प्रवाह पाठवतं, रिसीव्हर उचलल्याचं ओळखतं आणि तुमच्या आवाजाचे आकडे करतं. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका संभाषणाला ६४ किलोबिट. असे ३२ कप्पे एकत्र केले की २.०४८ मेगाबिटची ई१ नावाची वाहिनी होते. त्यातले ३० कप्पे बोलण्यासाठी, उरलेले दोन ताळमेळ आणि सिग्नलिंगसाठी. कॉल लागला की एक कप्पा तुमच्या नावावर राखला जातो आणि फोन ठेवेपर्यंत तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दोघंही गप्प बसलात तरी तो अडलेलाच.

१९८० च्या दशकात आपल्याकडे आलेली फ्रेंच ई१०बी ही एक्स्चेंज यंत्रणा, जी पुढे आयटीआयच्या (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या) मनकापूर कारखान्यात बनू लागली, ती याच तत्त्वावर चालायची. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचं १२८ लाईनींचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं, तेही असंच. नंतर सीमेन्सचं ईडब्ल्यूएसडी, एरिक्सनचं एएक्सई, एटीअँडटीचं ५ईएसएस आलं. सगळी यंत्रं भक्कम. अमेरिकेत बेल कंपनीच्या अभियंत्यांनी एक्स्चेंजसाठी ठेवलेलं उद्दिष्ट होतं ४० वर्षांत मिळून २ तासांपेक्षा जास्त बंद पडायचं नाही. त्या विचारानं घडलेली ही यंत्रं होती.

मग बदललं का? कार्डं मिळेनाशी झाली, हे पहिलं कारण. जगभर ज्यांची डीएमएस एक्स्चेंजं चालत होती ती कॅनडाची नॉर्टेल कंपनी २००९ साली दिवाळखोरीत गेली. इतरांनीही जुन्या यंत्रांचं उत्पादन थांबवलं. एका रॅकचं कार्ड काढून दुसऱ्याला लावायचं, असं किती वर्षं चालणार? वीज आणि वातानुकूलनाचा खर्च हे दुसरं. पण मला सगळ्यात वजनदार वाटतं ते तिसरं: ब्रॉडबँडसाठी आयपीचं, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीचं, जाळं सगळ्यांना उभारावंच लागत होतं. एकदा ते उभं राहिलं की फक्त आवाजासाठी दुसरं, वेगळं जाळं सांभाळणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही.

नव्या पद्धतीत मुख्य फरक असा. जुन्या एक्स्चेंजात कॉल कुठे जायचा हे ठरवणं आणि आवाज प्रत्यक्ष वाहून नेणं, दोन्ही कामं एकाच यंत्रात व्हायची. आता ती वेगळी झाली. ठरवणारा सॉफ्टस्विच एखाद्या मोठ्या शहरात बसतो, आणि तारा जिथे संपतात तिथे आवाजाचे आकडे छोट्या पाकिटांत (पॅकेट) भरणारा मीडिया गेटवे असतो. गेटवे सॉफ्टस्विचला कळवतो, 'अमक्या लाईनचा रिसीव्हर उचलला, हे आकडे दाबले.' सॉफ्टस्विच त्याला कुणाशी जोडायचं ते सांगतो. या दोघांची बोली एच.२४८. आवाज मात्र सॉफ्टस्विचकडे जातच नाही, तो एका गेटवेतून दुसऱ्या गेटवेकडे पाकिटांत थेट जातो. एसएस७ सिग्नलिंगसाठी (जुन्या एक्स्चेंजांची एकमेकांना कॉलची माहिती द्यायची बोली) वेगळा गेटवे, कारण जुनी एक्स्चेंजं अजून बोलत असतात आणि त्यांना दुसरी भाषा येत नाही.

बदलाचा क्रमही ठरलेला असतो. आधी शहरांना जोडणारी ट्रंक एक्स्चेंजं, म्हणजे आमच्या भाषेत 'टॅक्स' (ट्रंक ऑटोमॅटिक एक्स्चेंज), आयपीवर जातात. ग्राहकाला याचा पत्ताही लागत नाही. मग स्थानिक एक्स्चेंजं, आणि शेवटी तुमच्या घरातली तार.

माझं म्हणणं एका गोष्टीबद्दल आहे आणि त्यासाठीच धागा काढला. या शेवटच्या टप्प्यात फोन चालू ठेवणाऱ्या विजेची जबाबदारी एक्स्चेंजातून उठून ग्राहकाच्या घरात गेली. जोडणी देताना हे ग्राहकाला लेखी आणि स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी ते सांगितलं जात नाही.

रानजाई

फार छान लिहिलंत काका. आम्ही कणकवलीजवळ राहतो. आमच्याकडे तार जुनीच आहे, फायबर अजून दारात आलेलं नाही, पण लाईनमन म्हणाला की एक्स्चेंज नवीन झालंय. हे कसं?

एमडीएफवाला

रानजाई ताई, हा मधला टप्पा आहे आणि माझ्या मते आपल्या ग्रामीण भागासाठी तो फार शहाणपणाचा ठरला. सी-डॉटनं आपल्या जुन्या मॅक्स एक्स्चेंजांसाठी मॅक्स-एनजी नावाचा बदल तयार केला. इमारत, रॅक, बॅटऱ्या, एमडीएफ, तुमची तार, सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि आतली स्विचिंगची कार्डं काढून आयपीशी बोलणारी कार्डं बसवायची. तुमच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत आवाज पूर्वीसारखाच येतो. पाकिटं तिथून पुढे सुरू होतात. आणि वीज अजून एक्स्चेंजच देतं, हे लक्षात घ्या.

हेच जपाननं अख्ख्या देशात केलं. एनटीटी या तिथल्या टेलिफोन कंपनीच्या पूर्व आणि पश्चिम कंपन्यांनी २०१० साली योजना जाहीर केली, आणि प्रत्यक्ष बदल जानेवारी २०२४ ते जानेवारी २०२५ या वर्षभरात केला. घरातली तांब्याची तार तशीच, फोन तोच, नंबर तोच. लोकांना घरी कुणाला बोलवावंही लागलं नाही. आतलं एक्स्चेंज तेवढं गेलं. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या लँडलाईनवरून देशात कुठल्याही लँडलाईनला ३ मिनिटांना करासह ९.३५ येन असा एकच दर झाला. आयपीच्या जाळ्यात लांबच्या कॉलचा खर्च जवळच्या कॉलपेक्षा फारसा वेगळा नसतो, म्हणून अंतराप्रमाणे दर लावायला कारणच उरलं नाही.

आपल्याकडे रात्री ११ नंतर पाव दर लागायचा म्हणून एसटीडी बूथबाहेर रांगा लागत, ते इथल्या अनेकांना आठवत असेल. बूथमधलं ते लाल आकड्यांचं मशीन एक्स्चेंजमधून येणारे १६ किलोहर्ट्झचे मीटर पल्स मोजून बिल करायचं. माणसाच्या कानाला तो आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. नव्या गेटवेंकडून जुन्या ग्राहकांना काय काय द्यावं लागेल याची यादी करताना आम्हाला अशा किती तरी गोष्टी धरायला लागल्या.

पॅकेट_पाटील

उत्तम धागा. मी नवी मुंबईत एका मोबाईल कंपनीच्या कोअर नेटवर्कमध्ये काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं थोडी भर घालतो.

एका संभाषणाला खरोखर किती जागा लागते ते बघा. जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) तोच ६४ किलोबिटचा आहे, एमडीएफवाला काकांनी सांगितला तोच. आपण दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरतो, म्हणजे १६० बाइट. त्यावर आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २०, असे ४० बाइट पत्त्याचे. सेकंदाला ५० पाकिटं. बेरीज ८० किलोबिट, आणि इथरनेटचे बाइट त्याहून वेगळे. मग जुनी पद्धत जास्त काटकसरी नाही का, असं कुणी विचारेल. नुसत्या या आकड्यावर पाहिलं तर आहे. पण नवीन जाळ्यात कप्पा राखलेला नसतो, त्याच फायबरवर सिनेमा, बँकेचा व्यवहार आणि तुमचा कॉल एकत्र जातात. शिवाय अरुंद मार्ग असेल तर जी.७२९ सारखा ८ किलोबिटचा कोडेक वापरता येतो.

खरी परीक्षा उशिराची असते. पाकिटं कमी-जास्त वेळानं पोचतात म्हणून पलीकडे जिटर बफर ठेवावा लागतो. तो मोठा केला की आवाज सलग येतो पण उशीर वाढतो, छोटा केला की शब्द तुटतात. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालतं. त्यापुढे दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. प्रतिध्वनीचंही तसंच. दोन तारांच्या फोनमधून थोडा आवाज परत येतोच, जुन्या काळीही यायचा, पण उशीर इतका कमी होता की कानाला कळत नव्हता. पाकिटांमुळे उशीर वाढला आणि तोच प्रतिध्वनी ऐकू यायला लागला. म्हणून प्रत्येक गेटवेत एको कॅन्सलर असतो.

संक्रमणाच्या काळात सर्वात वाईट आवाज कुठे मिळतो? आयपीतून टीडीएम (जुनी कप्प्यांची पद्धत), पुन्हा आयपी, पुन्हा टीडीएम, अशा उड्या मारणाऱ्या कॉलवर. प्रत्येक उडीत बफर आणि कधी कधी कोडेकची अदलाबदल. अर्धवट झालेला बदल हा दोन्ही टोकांपेक्षा त्रासदायक असतो, आणि तो काळ शक्य तितका छोटा ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

विहिरगाव

पाटीलसाहेब, मोबाईलमध्येही हेच झालं का? ४जी आलं तेव्हा सुरुवातीला कॉल आला की नेट थांबायचं, ते आठवतंय.

पॅकेट_पाटील

हो, अगदी हेच. ४जी मध्ये जुन्या पद्धतीच्या आवाजाला जागाच ठेवलेली नाही, सगळं पाकिटांवर. ज्या कंपन्यांकडे व्होएलटीई (४जी वरूनच आवाज नेणारी सोय) नव्हतं त्यांचे फोन कॉल आला की ४जी सोडून ३जी किंवा २जी वर उतरायचे, तिथल्या जुन्या स्विचवर बोलायचे आणि मग परत वर यायचे. नेट म्हणूनच थांबायचं.

जिओनं ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच, सगळा आवाज आयएमएस या आयपी व्यवस्थेवर. एअरटेलनं व्होएलटीई आणलं ते सप्टेंबर २०१७ मध्ये, सुरुवात मुंबईपासून.

आणि इथे एक बोलकी गोष्ट घडली. पूर्णपणे आयपीवर असलेली कंपनी इतरांना जोडली जात होती ती मात्र ई१ वर. म्हणजे समोरच्या कंपनीनं पॉइंट ऑफ इंटरकनेक्शनवर (जिथे दोघांची जाळी जुळतात) जितक्या ई१ दिल्या, गुणिले ३०, तितकेच कॉल एका वेळी पलीकडे जाणार. बाकीचे तुटणार. जिओ आणि जुन्या कंपन्यांमधला २०१६ चा वाद यावरूनच पेटला आणि ऑक्टोबरमध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांच्यावर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. देशभर वर्तमानपत्रांत गाजलेल्या त्या भांडणाच्या मुळाशी ३० कप्प्यांची ई१ होती. दोन कंपन्यांमधला सांधा आयपीवर आला की त्याची क्षमता बहुतेक सॉफ्टवेअरमधून वाढवता येते. तिथे सेशन बॉर्डर कंट्रोलर बसतो, तो समोरून येणाऱ्या प्रत्येक कॉलची तपासणी करतो आणि आतल्या जाळ्याचे पत्ते बाहेर दिसू देत नाही.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहिते आहे. काकांनी विजेच्या जबाबदारीचा मुद्दा मांडलाय, तो इथे सध्या घराघरात पोचलेला विषय आहे.

बीटीनं, म्हणजे ब्रिटिश टेलिकॉमनं, २००४ मध्ये एकविसाव्या शतकाचं जाळं अशी मोठी योजना जाहीर केली होती. २००६ मध्ये कार्डिफजवळून सुरुवातही झाली. पण आवाजाचा भाग पुढे गुंडाळला गेला आणि १९८० च्या दशकातली सिस्टिम एक्स आणि एएक्सई१० एक्स्चेंजं चालूच राहिली. मग दुसऱ्यांदा ठरलं की डिसेंबर २०२५ मध्ये जुनं जाळं बंद करायचं. सप्टेंबर २०२३ पासून जुन्या पद्धतीच्या नव्या जोडण्या देणं देशभर थांबलं. मे २०२४ मध्ये मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेली.

मुदत पुढे का गेली? टेलिकेअरमुळे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण असतं. पडलं-झडलं तर दाबायचं, घरातलं यंत्र लँडलाईनवरून मदत केंद्राला फोन लावतं. असे सुमारे १८ लाख लोक या देशात आहेत. त्यातली बरीच यंत्रं जुन्या तारेसाठी बनवलेली. जोडणी बदलल्यावर संकटात बटण दाबलं आणि कॉल गेलाच नाही, अशा गंभीर घटना घडल्या. २०२३ च्या अखेरीस सरकारनं हस्तक्षेप केला आणि कंपन्यांनी तूर्त संमतीशिवाय कुणाची लाईन हलवायची नाही असं मान्य केलं. त्याआधी मार्च २०२२ मध्येही वादळांत वीज जाऊन लोकांचे फोन बंद पडले म्हणून बीटीनं काम थांबवलं होतं.

इथला नियामक ऑफकॉम सांगतो की ज्यांच्याकडे दुसरं साधन नाही त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन करता आला पाहिजे. एक तास फार कमी आहे, असं माझं मत आहे. स्कॉटलंडच्या खेड्यांत वादळानंतर वीज यायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो.

आमच्या मराठी मंडळातल्या एका आजींकडे असं बटण आहे. त्यांची लाईन बदलायच्या दिवशी त्यांच्या मुलानं तंत्रज्ञ घरात असतानाच बटण दाबून समोरून उत्तर येईपर्यंत थांबायला लावलं. प्रत्येकानं असंच करावं.

कातळवाट

श्रीवर्धनहून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज किती तरी दिवस नव्हती. मोबाईलचे टॉवर बॅटरी असेपर्यंत चालले, मग तेही गेले. मुंबईतल्या मुलांना आम्ही जिवंत आहोत एवढं कळवायला माणसं गाडी काढून रेंज मिळेल तिथपर्यंत गेली. आता घरात फायबर आहे, स्पीड चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुन्हा असं वादळ आलं तर काय?

विहिरगाव

मला इथे वेगळं मत मांडायचंय. तांब्याच्या तारेबद्दल आपण फार हळवे होतो. त्याच निसर्ग वादळात खांबही पडले, ४८ व्होल्ट एक्स्चेंजात असून उपयोग काय? आमच्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस पडला की जॉइंटमध्ये पाणी शिरायचं आणि गणपतीपर्यंत फोनवर खरखर. केबल चोरीला जायची ती वेगळीच. १९८ ला तक्रार करायची आणि वाट बघायची. फायबरमध्ये पाणी शिरलं तरी तांब्यासारखा गंज नाही, विजेचा लोळ तारेवरून घरात येत नाही, चोराला विकून पैसे मिळत नाहीत. मला जुनं परत नको.

एमडीएफवाला

विहिरगाव, तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे. जॉइंटमधल्या पाण्यानं आमच्या माणसांची पावसाळ्यातली झोप कायमची उडालेली असायची. तांबं परत आणा असं मी म्हणत नाही, कुणी म्हणणारही नाही.

मी बॅटरीबद्दल बोलतोय. एक्स्चेंजमध्ये २ व्होल्टचे २४ सेल एका रांगेत, मिळून ४८ व्होल्ट. कंबरेएवढे उंच. त्यांची घनता आणि व्होल्टेज नियमानं वहीत लिहायचं, वीज गेली की बॅटरीवर, बॅटरी उतरायच्या आत इंजिन अल्टरनेटर सुरू करायचं, डिझेलचा साठा कधी संपू द्यायचा नाही. या कामासाठी नेमलेली माणसं होती आणि त्यांना जाब विचारणारे वरिष्ठ होते. ग्राहकाला यातलं काही माहीत नसायचं, असण्याची गरजही नव्हती.

फायबरवर ही साखळी तीन ठिकाणी तुटते. एक, तुमच्या घरातला ओएनटी डबा, ज्यात फायबर येऊन संपतं, तो १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. दोन, तुमच्या भागातला ओएलटी, म्हणजे घराघरांतली फायबरं जिथे एकत्र येतात ते यंत्र. तो पूर्वीच्या एक्स्चेंजात असेल तर बॅटरी आणि इंजिन आहे, पण हल्ली बऱ्याच ठिकाणी तो स्थानिक भागीदाराच्या दुकानात किंवा घरात असतो आणि त्याच्याकडे एक इन्व्हर्टर असतो. तीन, ओएलटीपासून शहरापर्यंतच्या मार्गावरची यंत्रं. कातळवाट, तुम्ही घरासाठी राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, तो काही तास काढतो. पण त्याचबरोबर तुमच्या फायबरवाल्याला विचारा: ओएलटी कुठे आहे, त्याला किती तासांचा बॅकअप आहे, जनरेटर आहे का? गावातल्या दहा जणांनी मिळून विचारलं तर तो बॅकअप वाढवतो. ग्रामपंचायतीनंही यात लक्ष घालावं. हे प्रश्न विचारायचे असतात हेच लोकांना माहीत नाही.

पाऊस-वाऱ्याच्या जागी एक साधा फीचर फोन चार्ज करून ठेवावा आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घरात असावीत, एवढंही सांगतो.

रानजाई

काका, एक्स्चेंज बदलायच्या रात्री प्रत्यक्ष काय करतात? हजारो लाईनी एकदम कशा हलवतात?

एमडीएफवाला

हे विचारलंत, बरं वाटलं. कटओव्हर हा आमच्या नोकरीतला सर्वांत मोठा प्रसंग.

तयारी कित्येक महिने आधी सुरू होते आणि ती बहुतांशी वह्यांची असते. कुठला नंबर, एमडीएफवर कुठल्या जागी, बाहेर कुठल्या केबलच्या कुठल्या जोडीवर, पुढे कुठला पिलर, कुठली डीपी. नोंद एक आणि प्रत्यक्ष जोडणी दुसरी, असं शेकडो ठिकाणी निघतं, कारण कुणी तरी कधी तरी घाईत जोडी बदललेली असते. हे सगळं जुळवायचं. मग प्रत्येक ग्राहकाला एसटीडीची सोय आहे का, कुलूप आहे का, कॉल फॉरवर्डिंग आहे का, बूथ आहे का, ही माहिती नव्या यंत्रात भरायची.

मग एमडीएफवर प्रत्येक लाईनला नव्या यंत्राचा दुसरा जंपर समांतर टाकायचा, पण मधे प्लास्टिकची पाचर घालून तो तोडून ठेवायचा. म्हणजे लाईन जुन्यावर चालू, नवीन तयार पण अलग. ठरलेल्या रात्री, बहुधा मध्यरात्रीनंतर, एका बाजूला जुन्या यंत्राचे संपर्क काढायचे आणि दुसऱ्या बाजूच्या पाचरी ओढायच्या. पाचरी दोरीला ओवलेल्या असतात, ओढल्या की ओळीनं निघतात. मोजक्या मिनिटांत हजारो लाईनी नव्या यंत्रावर. त्याआधी इस्पितळं, पोलीस, अग्निशमन यांची यादी हातात ठेवलेली, त्यांच्या लाईनी सगळ्यात आधी तपासायच्या. पहाटेपर्यंत टेस्ट डेस्कवरून एकेक नंबर.

फायबरच्या वेळी असं होत नाही. तिथे एकेका घरात जाऊन एकेक जोडणी हलते, नंबर सॉफ्टवेअरमध्ये फिरतो. कटओव्हरची रात्र नाही, पण काम वर्षानुवर्षं रेंगाळतं. आणि ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्तीनं बीएसएनएलमधले सुमारे ७८ हजार लोक एका दिवशी बाहेर पडले, तेव्हा कुठली जोडी कुठे जाते हे ज्यांना वही न उघडता माहीत होतं असे किती तरी लाईनमन आणि केबल जॉइंटर त्यांच्यात होते. ज्या गावांत तांब्याच्या तारा अजून चालू आहेत तिथे त्या माणसांची उणीव आजही भासते. तंत्र बदलताना जुन्या यंत्राचा शेवटचा ग्राहक हलेपर्यंत जुनी माणसं हाताशी असायला हवीत, हे माझं ठाम मत आहे.

साधना_सांगली

मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचं प्रशासन बघते. आमच्या ईपीएबीएक्सला (आतले फोन जोडणाऱ्या छोट्या एक्स्चेंजला) ३० चॅनलची पीआरआय लाईन आहे. आता कंपनी म्हणते एसआयपी ट्रंक (आयपीवरून येणाऱ्या लाईनी) घ्या. काय काय बघून घ्यावं?

पॅकेट_पाटील

साधना ताई, पीआरआय म्हणजे तीच ई१. तुमचा ईपीएबीएक्स एसआयपी घेत असेल तर थेट, नसेल तर मधे एक गेटवे लावून जुना ईपीएबीएक्स तसाच ठेवता येतो. घाईनं नवा विकत घेऊ नका.

तपासताना सगळ्यात आधी बोलण्यासाठी नसलेल्या लाईनी शोधा. लिफ्टमधला फोन, अग्निसूचना यंत्र, एखाद्या विमा कंपनीसाठी ठेवलेला फॅक्स. या ईपीएबीएक्सच्या यादीत कधी कधी नसतातच. फॅक्स पाकिटांवर फार नाजूक असतो, कारण एक पाकीट हरवलं तर माणूस वाक्य समजून घेतो, फॅक्स मशीन पान सोडून देतं. टी.३८ (आयपीवरून फॅक्स पाठवायची पद्धत) दोन्ही टोकांना चालू आहे का ते लेखी घ्या. 'अपॉइंटमेंटसाठी १ दाबा' हे चालतं का पाहा, कारण आकडे दाबल्याचा आवाज कोडेकमध्ये बिघडू शकतो आणि तो वेगळ्या संदेशानं पाठवावा लागतो. ट्रंक आतल्या नेटच्याच केबलवर येणार असेल तर आवाजाला प्राधान्य दिलेलं हवं. नाही तर रेडिओलॉजीनं सीटी स्कॅनच्या फायली पाठवायला घेतल्या की स्वागतकक्षातले कॉल तुटतील. आणि जुनी पीआरआय नव्या ट्रंकबरोबर काही काळ समांतर चालू ठेवा.

११२ लावला तर कुठला पत्ता दिसेल हेही विचारा. तांब्याच्या तारेला पत्ता चिकटलेला होता, एसआयपीला तो नोंदवावा लागतो.

एमडीएफवाला

पाटीलसाहेबांच्या यादीत एकच भर. साधना ताई, आयसीयू आणि अपघात विभागात किमान एक फोन असा ठेवा जो ईपीएबीएक्स, स्विच आणि तुमच्या इमारतीची वीज या तिन्हींवर अवलंबून नाही.

जुनीघंटा

सगळा धागा वाचला, खूप शिकायला मिळालं. माझा प्रश्न लहान आहे. वडिलांचा फिरत्या चकतीचा काळा फोन अजून चांगला आहे. नव्या फायबरच्या डब्याला लावला तर चालेल?

एमडीएफवाला

ऐकू येईल, आलेला कॉल घेताही येईल. पण चकतीवरून फोन लागेल की नाही हे डब्यावर अवलंबून. चकती फिरली की ती लाईन आकड्याइतक्या वेळा तोडते-जोडते, आणि बऱ्याच ओएनटींना हे पल्स कळत नाहीत. रिसीव्हर उचला, डायल टोन ऐका, मग ५ फिरवा. टोन तसाच चालू राहिला तर त्या डब्याला पल्स समजत नाहीत. तेव्हा फोन आणि डबा यांच्या मधे पल्सचा टोन करणारा छोटा कन्व्हर्टर लावायचा.

घंटेचंही बघा. जुन्या फोनची लोखंडी घंटा हलवायला एक्स्चेंज भरपूर जोर द्यायचं, ओएनटी तेवढा देत नाही. घंटा मंद वाजली तर त्याच लाईनवर समांतर लावलेला दुसरा फोन काढून टाका, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.